विश्लेषण : सोपाऱ्यात धर्मशाळा बांधणाऱ्या उषवदाताने विणकरांच्या संघाकडे ठेव का ठेवली?

व्यापारी संघ, कारखानदारांची संघटना, पतपेढी या संस्था आधुनिक काळात जन्मल्या असा सर्वसाधारण समज आहे. मात्र महाराष्ट्रात एकाच धंद्यातील लोकांचे संघ सुमारे १९०० वर्षांपूर्वी ठेवी स्वीकारत होते, ठरलेल्या दराने व्याज देत होते आणि त्यांच्या व्यवहाराची जाहीर नोंद होत होती. याचा सर्वात सविस्तर पुरावा एका माणसाच्या चरित्रात दडलेला आहे. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात हा तो माणूस. त्याच्या दानांची यादी नाशिकच्या लेण्यांत कोरलेली आहे आणि त्या यादीत आजच्या पालघर जिल्ह्यातील सोपारा व डहाणू ही नावेही आहेत. तो कोण होता, त्याने काय केले आणि राजाच्या जावयाला विणकरांच्या संघावर विश्वास का ठेवावासा वाटला, याचा हा आढावा.

उषवदात कोण होता?

उषवदात हे नाव शिलालेखांतील आहे. संस्कृत रूपात त्याला ऋषभदत्त म्हणतात. त्याच्या वडिलांचे नाव दीनिक. तो शक होता, म्हणजे मध्य आशियातून वायव्य भारतामार्गे आलेल्या लोकांपैकी. त्याची पत्नी दक्षमित्रा ही क्षहरात घराण्यातील क्षत्रप नहपानाची मुलगी. नाशिकच्या लेणीत भिक्षूंसाठी खोली दान दिल्याची दक्षमित्रेच्या नावाची स्वतंत्र नोंदही आहे.

नहपानाचा नेमका काळ हा इतिहासकारांमधील जुना वाद आहे. बहुतेक अभ्यासक त्याला इ.स.च्या पहिल्या शतकात किंवा दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला ठेवतात. त्याच्या राजवटीतील लेखांवर ४१ ते ४६ ही वर्षे आढळतात. त्याची सत्ता गुजरात, माळवा, राजस्थानचा काही भाग, उत्तर कोकण, नाशिक आणि पुणे परिसरापर्यंत पसरली होती. उषवदात या राज्याचा दक्षिणेकडील भाग सांभाळत असावा, असे त्याच्या दानांच्या ठिकाणांवरून दिसते.

त्याचे चरित्र कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नाही. जे कळते ते दगडावरून. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातील, म्हणजे लोकांच्या तोंडी पांडवलेणी असलेल्या समूहातील १० क्रमांकाचे लेणे त्याने खोदवून घेतले. त्याच्या व्हरांड्यातील लेख हीच त्याची जीवनकथा.

वसई, पालघरशी त्याचा काय संबंध?

नाशिकच्या लेखात उषवदाताने चौसोपी धर्मशाळा बांधलेल्या ४ शहरांची नावे आहेत. भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपूर म्हणजे मध्य प्रदेशातील मंदसोर, नाशिकजवळचे गोवर्धन आणि शोर्पारग म्हणजे सोपारा. आज वटार, निर्मळ, भुईगावकडे जाण्यासाठी ज्या नालासोपाऱ्याला उतरावे लागते, तेच हे सोपारा. त्या काळी ते अपरान्ताचे, म्हणजे उत्तर कोकणाचे मोठे बंदर होते.

सोपाऱ्याचे महत्त्व त्याआधीपासूनचे आहे. सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे याच परिसरात सापडले. त्यातील एक पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये मिळाला, तर दुसरा १९५६ मध्ये भुईगावला आढळला. भगवानलाल यांनी १८८२ मध्येच सोपाऱ्याच्या बुरुड राजाच्या कोटाचे उत्खनन करून तेथील स्तूप उजेडात आणला. नाशिकचे लेख वाचून त्यांचा अर्थ लावणाऱ्या सुरुवातीच्या अभ्यासकांतही तेच होते.

उषवदाताच्या यादीत आणखी एक नोंद आहे, ती किनाऱ्यावरच्या वाचकांना लगेच कळेल. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि डहाणुका या ६ नद्यांवर त्याने लोकांना पैसे न घेता पलीकडे नेणाऱ्या होड्या ठेवल्या. पारदा ही आजची पार, दमणा म्हणजे दमणगंगा आणि डहाणुका म्हणजे डहाणूजवळची नदी, असे मानले जाते. या नद्यांच्या दोन्ही तीरांवर त्याने बसायला निवारे आणि पाणपोया बांधल्या.

या नद्या नकाशावर जोडल्या तर भडोच ते सोपारा हा किनारी रस्ता उभा राहतो. पूल नसलेल्या काळात प्रत्येक नदी म्हणजे व्यापाऱ्याचा खोळंबा आणि नावाड्याचे भाडे. धर्मकार्य म्हणून नोंदलेल्या या सोयीने वाहतुकीचा खर्च कमी होत होता. पुण्य आणि व्यापार यांची सांगड उषवदाताच्या सगळ्या कामांत दिसते.

सोपाऱ्यातील रामतीर्थ आणि इतर ३ ठिकाणच्या चरक, म्हणजे फिरस्त्या साधकांच्या समुदायाला त्याने नानंगोल गावातील ३२ हजार नारळाची झाडे दिली. काही अभ्यासक हे गाव उंबरगावजवळचे नारगोळ मानतात. नारळाचे झाड वर्षानुवर्षे उत्पन्न देते, हे वाडी असलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. एकदाच खर्चून संपणारे दान द्यायचे नाही, दरवर्षी काहीतरी हाती पडेल असे द्यायचे, ही त्याची पद्धत येथे पहिल्यांदा लक्षात येते.

तो केवळ दानशूर होता का?

नाही. तो लष्करी अधिकारीही होता. नाशिकच्या लेखातील एका भागात त्याच्या मोहिमेची हकीकत आहे. मालय लोकांनी उत्तमभद्रांना वेढा घातला होता. आपल्या स्वामीच्या आज्ञेवरून भर पावसाळ्यात उषवदात त्यांच्या सुटकेला गेला. त्याची चाहूल लागताच मालय पळाले, असा लेखाचा दावा आहे. त्यानंतर त्याने पोक्षर, म्हणजे राजस्थानातील पुष्कर येथे स्नान करून ३ हजार गायी आणि एक गाव दान दिले.

यादीतील इतर आकडेही मोठे आहेत. ३ लाख गायी, देवांना व ब्राह्मणांना १६ गावे, दरवर्षी १ लाख ब्राह्मणांना जेवण. प्रभास तीर्थावर त्याने ८ ब्राह्मणांचे विवाह करून दिल्याचा अर्थ लावला जातो. दानलेखांत अतिशयोक्ती असते, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे घेण्याची गरज नाही. परकीय वंशातील नवा सत्ताधारी स्थानिक समाजात मान्यता मिळवू पाहत होता, एवढे मात्र त्यातून स्पष्ट होते. ब्राह्मण, बौद्ध भिक्षू आणि फिरते साधक असे सर्व त्याच्या दानाचे लाभार्थी आहेत. पुण्याजवळच्या कार्ले लेण्यांतील भिक्षूंनाही त्याने करजिक नावाचे गाव दिले होते.

विणकरांकडे ठेव कशी ठेवली?

उषवदाताचे नाव आर्थिक इतिहासात राहिले ते वर्ष ४२ च्या वैशाखातील लेखामुळे. लेणे तर खोदून झाले होते. पण तेथे राहणाऱ्या भिक्षूंच्या कपड्यांचा आणि किरकोळ गरजांचा खर्च दरवर्षी कोण देणार, हा प्रश्न होता. यासाठी त्याने ३ हजार कार्षापणांचा निधी वेगळा काढला. कार्षापण हे त्या काळचे चलनी नाणे.

हा निधी त्याने राजाच्या खजिन्यात ठेवला नाही. भिक्षूंच्या हातीही दिला नाही. गोवर्धन शहरातील विणकरांच्या दोन संघांकडे तो गुंतवला. अशा संघाला तेव्हा श्रेणी किंवा निकाय म्हणत. एका संघाकडे २ हजार कार्षापण शेकडा १ दराने आणि दुसऱ्याकडे १ हजार शेकडा पाऊण दराने.

हा दर महिन्याचा आहे, हे पुढच्या हिशेबावरून कळते. २ हजारांवर शेकडा १ प्रमाणे महिन्याला २० कार्षापण व्याज होते, वर्षाला २४०. लेखात म्हटले आहे की या रकमेतून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी मिळावेत. २० गुणिले १२ म्हणजे बरोबर २४०. दुसऱ्या ठेवीवर महिन्याला साडेसात, वर्षाला ९० कार्षापण होतात. ते किरकोळ खर्चासाठी होते.

म्हणजे व्याजाचा दर आजच्या भाषेत वार्षिक १२ टक्के आणि ९ टक्के. एका संघाने जास्त, दुसऱ्याने कमी दर दिला, यावरून दर सरसकट ठरलेला नव्हता हे दिसते.

या व्यवहारात सर्वात महत्त्वाची अट कोणती?

मुद्दल कधीही परत मागायचे नाही, ही अट सर्वात महत्त्वाची. अशा ठेवीला अक्षयनीवी म्हणत. नीवी म्हणजे भांडवल, ते अक्षय ठेवायचे आणि फक्त व्याज वापरायचे. दाता गेला, त्याचे वारस गेले, भिक्षूंच्या पिढ्या बदलल्या तरी ठेव जागेवर राहायला हवी, असा त्यामागचा विचार.

अशी अट घालायची तर ठेव घेणाराही माणसाच्या आयुष्यापेक्षा जास्त टिकणारा हवा. एकटा सावकार किंवा विणकर मेला की व्यवहार अडतो. संघ मात्र सभासद बदलले तरी चालू राहतो. कायद्याच्या आजच्या भाषेत संस्थेला सभासदांपेक्षा वेगळे अस्तित्व असते म्हणतात. गोवर्धनच्या विणकरांच्या बाबतीत हीच गोष्ट गृहीत धरलेली दिसते.

व्यवहाराची नोंदही पक्की होती. तो निगमसभेत, म्हणजे शहराच्या सभेत वाचून दाखवला गेला आणि प्रथेप्रमाणे फलकावर नोंदवला गेला. शिवाय दगडावर कोरला गेला. सर्वांसमोर वाचन, कार्यालयीन नोंद आणि कायमचा जाहीर फलक असे तीन पुरावे झाले. कोणी पुढे नाकारायचे म्हटले तर शहर साक्षीला होते.

विणकरांना पैसे कशाला हवे होते?

विणकरांचा धंदा भांडवलावर चालतो. सूत आधी विकत घ्यावे लागते, माग चालवावा लागतो, कापड विकले जाईपर्यंत पैसे अडकून पडतात. त्या काळात दख्खनच्या कापडाला समुद्रापलीकडे मागणी होती. पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशी मार्गदर्शकात पैठण आणि तेर येथून माल भडोच बंदराकडे जात असल्याचे लिहिले आहे. तेरहून जाणाऱ्या मालात साधे सुती कापड भरपूर होते. त्याच पुस्तकात सोपारा बंदराचाही उल्लेख आहे.

अशा बाजारात परत न मागितले जाणारे भांडवल म्हणजे संघासाठी मोठी सोय. वर्षाला १२ टक्के व्याज देऊनही काही उरत असणार, तरच कोणताही संघ असा करार करील. थोडक्यात दात्याला टिकाऊ व्यवस्था मिळाली, भिक्षूंना वस्त्रे मिळाली आणि विणकरांना खेळते भांडवल मिळाले.

या कहाणीची दुसरी बाजूही आहे. लेखात राजा, जावई, मुलगी, शेत विकणारा ब्राह्मण या सर्वांची नावे आहेत. ज्यांनी मागावर बसून हे व्याज कमावले, त्या एकाही विणकराचे नाव नाही. संघ म्हणून ते विश्वासार्ह होते, व्यक्ती म्हणून त्यांची नोंद घेण्याची कोणाला गरज वाटली नाही.

जमीन देणे जास्त सुरक्षित नव्हते का?

उषवदाताने जमीनही दिली. अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून त्याने शहराच्या वायव्येचे एक शेत ४ हजार कार्षापणांना विकत घेतले आणि त्याचे उत्पन्न लेण्यातील भिक्षूंच्या जेवणासाठी लावून दिले. राजाचा जावई असूनही त्याने शेत बळकावले नाही, रीतसर किंमत मोजली आणि ती जाहीर केली, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. चिखलपद्र गावातील ८ हजार नारळाची झाडे त्याने वेगळी दिली.

पण जमिनीची मालकी सत्तेवर अवलंबून असते, हे लवकरच दिसून आले. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला आणि क्षहरातांची सत्ता संपवली. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाच्या १३ हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातील दोन तृतीयांशाहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा ठसा पुन्हा उमटवलेला आहे. हरलेल्या राजाचे चलन जिंकलेल्याने आपल्या नावाने चालवले.

गौतमीपुत्राच्या १८व्या वर्षीचा आदेश नाशिकच्याच लेण्यांत आहे. उषवदाताकडे असलेले २०० निवर्तनांचे शेत त्याने त्रिरश्मीवरील साधूंना दिले. हा उषवदात नहपानाचा जावईच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. कार्ल्याच्या भिक्षूंना मिळालेले करजिक गावही नव्या राजवटीत पुन्हा नव्याने दान म्हणून नोंदवावे लागले. यानंतर उषवदात कुठेही दाता म्हणून दिसत नाही.

त्याहून बोलका आहे २४व्या वर्षीचा आदेश. आधी दिलेले शेत कसले जात नाही, गावात वस्ती राहिलेली नाही, म्हणून भिक्षूंना शहराच्या शिवेवरील राजाच्या मालकीच्या जमिनीतून १०० निवर्तने द्यावीत, असा तो आदेश. म्हणजे राजाने दिलेली जमीनही ६ वर्षांत निरुपयोगी ठरली. जमीन आहे पण कसणारा नाही, तर उत्पन्न शून्य. विणकरांच्या संघाकडील ठेवीत असा धोका कमी होता. तेथे पैसा कष्ट करणाऱ्यांच्याच हातात होता.

असे संघ आणखी कुठे होते?

उषवदाताची ठेव ही एकमेव घटना नाही. जुन्नरच्या लेण्यांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी करणाऱ्यांच्या श्रेणींकडे केलेल्या गुंतवणुकीचा उल्लेख आहे. तेथेच धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने स्वतः एक लेणे आणि पाण्याचे टाके दान दिले. म्हणजे संघ ठेवी सांभाळत होते, तसे स्वतःच्या नावाने खर्चही करत होते.

नाशिकमध्येच, अभीर राजा ईश्वरसेनाच्या ९व्या वर्षी विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी ठेवी ठेवल्या. त्यात पाण्याची यंत्रे बनवणाऱ्यांच्या श्रेणीकडे २ हजार कार्षापण होते. तेल गाळणाऱ्यांच्या श्रेणीचेही नाव आहे. सत्ता शकांकडून सातवाहनांकडे आणि पुढे अभीरांकडे गेली, तरी गोवर्धनमध्ये श्रेणीकडे ठेव ठेवण्याची पद्धत चालूच राहिली.

उषवदाताने जेथे धर्मशाळा बांधली त्या दशपुरात काही शतकांनी रेशीम विणकरांच्या एका श्रेणीने सूर्यमंदिर उभारले. हे विणकर लाट प्रदेशातून, म्हणजे दक्षिण गुजरातमधून तेथे स्थलांतरित झाले होते. इ.स. ४३६ मध्ये बांधलेल्या मंदिराची त्यांनी ४७३ मध्ये डागडुजी केली. त्यांच्यातील काहींनी पुढे इतर व्यवसाय पत्करले, तरी संघ म्हणून ओळख टिकली होती. येथे मात्र लेख दात्याचा नाही, संघाचाच आहे.

धर्मशास्त्रांतही याचे प्रतिबिंब पडले. श्रेणींचे स्वतःचे नियम राजाने ध्यानात घेऊन न्याय द्यावा, असे मनुस्मृतीत सांगितले आहे.

आजच्या संघटनांशी तुलना करता येईल का?

काही प्रमाणातच. श्रेणीचे सभासदत्व बहुधा जन्माने आणि व्यवसायाने ठरत असे. आजच्या व्यापारी संघात किंवा पतसंस्थेत अर्ज करून प्रवेश मिळतो, निवडणूक होते, सरकारी निबंधक असतो, लेखापरीक्षण होते. श्रेणींना ही चौकट नव्हती. त्यामुळे श्रेणी म्हणजे प्राचीन बँक किंवा चेंबर ऑफ कॉमर्स असे थेट समीकरण मांडणे चुकीचे ठरेल.

तरीही उषवदाताच्या करारातील तीन गोष्टी आजही कोणत्याही संस्थेला लागू पडतात. मुद्दलाला हात लावायचा नाही. व्याज कशासाठी वापरायचे हे आधीच लिहून ठेवायचे. आणि व्यवहार चार लोकांत वाचून त्याची नोंद करायची. वसई-विरारसारख्या भागात, जेथे शेतकरी, मच्छीमार, दुकानदार आणि छोटे कारखानदार आपली बचत स्थानिक संस्थांच्या भरवशावर ठेवतात, तेथे या तीन प्रश्नांची उत्तरे वार्षिक सभेत विचारली गेली पाहिजेत. संस्था बुडतात तेव्हा बहुधा यातील एखादी गोष्ट मोडलेली असते.

उषवदाताचे महत्त्व नेमके कशात?

त्याच्या ३ लाख गायींचा हिशेब कोणी ठेवला नाही. सोपाऱ्याची धर्मशाळा आणि डहाणूची होडी यांचे अवशेष उरलेले नाहीत. ज्या सासऱ्याच्या सत्तेवर त्याचे पद उभे होते, ती सत्ता लढाईत गेली. उरला तो दगडावरचा करार आणि त्यातील २० भिक्षूंच्या वस्त्रांचा काटेकोर हिशेब.

सैन्य, गावे आणि खजिना हाताशी असलेल्या माणसाने आपली सर्वात दीर्घकाळ टिकावी अशी ठेव मागावर बसणाऱ्या लोकांच्या संघाकडे दिली, ही त्याच्या आयुष्यातील लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. करारात राजाची हमी कुठेही मागितलेली नाही. हमी होती ती शहराच्या सभेची आणि विणकरांच्या शब्दाची. महाराष्ट्रातील व्यापारी व कारागीर संघांच्या इतिहासाचे पहिले पान याच शब्दाने सुरू होते.